माणसं निम्मी आली तरी बिल निम्मं का होत नाही? ऑक्युपन्सी, वीज आणि मशीन लर्निंग

थीसिस करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातली सात मजली ऑफिस बिल्डिंग, वर्षभराचा पंधरा मिनिटांचा मीटर डेटा, गेटवरच्या ॲक्सेस कार्डचे पंच, हवामानाचा डेटा. विजेचा अंदाज करायला एलएसटीएम (क्रमाने येणारा डेटा शिकणारं न्यूरल नेटवर्क) लावला, आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळतो, १ म्हणजे पूर्ण) ०.९३ आला. मग ऑक्युपन्सीचा, म्हणजे आत किती माणसं आहेत त्याचा, कॉलम काढून परत ट्रेन केलं तर ०.९२. गाईड म्हणतायत की थीसिसचं नावच ऑक्युपन्सीवर आहे आणि तुझा कॉलम काही करतच नाहीये, आता काय?

मी आधी सात-आठ वर्षं एचव्हीएसी (एसी आणि व्हेंटिलेशन) कमिशनिंग केलं, मग एनर्जी ऑडिट, आता बराचसा वेळ डेटामध्येच जातो, त्यामुळे हा प्रश्न मी तीन बाजूंनी बघितलाय. आणि पहिली गोष्ट सांगतो, तुमचं मॉडेल बहुतेक खोटं बोलत नाहीये. तुमच्या बिल्डिंगला खरंच फारसं कळत नसेल की आत माणसं किती आहेत.

हे नीट समजायला मॉडेल बाजूला ठेवा आणि एका मजल्याचा कागदावर हिशोब करा. समजा मजला १५०० चौरस मीटर, २०० सीट. बसून काम करणारा माणूस साधारण १३० वॅट उष्णता सोडतो, त्यातली ७५ च्या आसपास सेन्सिबल, म्हणजे हवा तापवणारी, आणि ५५ लेटंट, म्हणजे घाम आणि श्वासातल्या वाफेतली. लॅपटॉप अधिक मॉनिटर मिळून ५० वॅट धरा. आता २०० ऐवजी १०० जण आले तर काय वाचलं? माणसांची उष्णता १३ किलोवॅट कमी, चिलर, पंप, कूलिंग टॉवर सगळं मिळून सीओपी (एक किलोवॅट विजेत किती किलोवॅट उष्णता बाहेर निघते) ४ धरला तर विजेत ते सव्वातीन किलोवॅट. लॅपटॉपचे ५ किलोवॅट थेट वाचले, वर त्यांची उष्णता काढायची वीज सव्वा. बेरीज साडेनऊ. आता न बदलणारं बघा: लाइट चौरस मीटरला ८ वॅट म्हणजे १२ किलोवॅट, वर त्याची उष्णता, एएचयूचा (थंड हवा मजल्यावर ढकलणारं युनिट) पंखा साडेसात किलोवॅट, काचेतून येणारं ऊन, आणि फ्रेश एअर जी डॅम्पर (हवेची झडप) एकदा सेट केला की माणसं असोत नसोत तेवढीच येते. सगळं मिळून पूर्ण भरलेल्या मजल्याचा लोड साठेक किलोवॅट निघतो. म्हणजे माणसं ५० टक्के कमी झाली आणि वीज कमी झाली जेमतेम १६ टक्के. आणि हे थर्मोस्टॅट, व्हीएव्ही (गरजेप्रमाणे हवा कमी-जास्त सोडणारे बॉक्स) सगळं शहाण्यासारखं चालतंय असं धरून बरं का. व्हीएव्ही बॉक्स मिनिमम फ्लोवर अडकलेले असतील, किंवा पंख्याला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असून कोणीतरी तो ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर, फिक्स करून ठेवला असेल (हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता साईटवर गेल्यावर पॅनेलरूममध्ये तेच आधी बघतो), तर १६ चेही १० होतात.

फ्रेश एअरचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडे, विशेषतः मुंबई-गोव्याच्या दमट हवेत, तो मोठा भाग असतो. ॲशरे ६२.१ (अमेरिकेतल्या एचव्हीएसी इंजिनिअरांच्या संस्थेचं व्हेंटिलेशन स्टँडर्ड) प्रमाणे ऑफिसात माणशी २.५ लिटर प्रति सेकंद, अधिक चौरस मीटरला ०.३ लिटर. शंभर माणसं कमी म्हणजे २५० लिटर प्रति सेकंद हवा कमी. बाहेर ३२ डिग्री आणि ७० टक्के ह्युमिडिटी असेल तर एवढी हवा आतल्या स्थितीला आणायला दहाएक किलोवॅट कूलिंग लागतं, विजेत अडीचच्या वर. पण हे वाचणार कधी? तर सीओटू सेन्सर बघून डॅम्पर हलत असेल तरच. डॅम्पर हाताने लॉक केलेला असेल तर तुमच्या ऑक्युपन्सी कॉलमला हा परिणाम कुठून दिसणार, तो घडतच नाहीये.

म्हणून मॉडेल बनवण्याआधी माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: माणसांची संख्या विजेपर्यंत पोचते कुठल्या वाटेने? प्लग लोडची (सॉकेटला लावलेली यंत्रं) वाट जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगमध्ये उघडी असते. लाइटची वाट मोशन सेन्सर असतील तर उघडी. कूलिंगची अर्धवट. पंखा, पंप, यूपीएसचे लॉसेस, सर्व्हर रूम, लॉबी, पार्किंगचे एक्झॉस्ट, या वाटा बंदच. तुम्ही मेन इनकमरचा, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा, मीटर घेतलाय, त्यात हे सगळं एकत्र शिजलंय, आणि मग एका कॉलमने त्यातून परिणाम दाखवावा अशी अपेक्षा आहे. सबमीटर असतील तर यूपीएस, लाइटिंग आणि एचव्हीएसी वेगळं करा आणि प्रत्येकाचं वेगळं मॉडेल करा, यूपीएसच्या मॉडेलमध्ये (लॅपटॉप-मॉनिटर त्यावरच असतात) ऑक्युपन्सी लगेच उड्या मारायला लागेल, पैजेवर सांगतो.

आता दुसरं कारण. तुमच्या मॉडेलमध्ये तास आणि वार हे फीचर (मॉडेलला दिलेले कॉलम) असणारच. सकाळी साडेनऊला लोक येतात, एकला जेवायला जातात, सातला निघतात, शनिवार-रविवारी नसतात. म्हणजे तास आणि वार मिळून ऑक्युपन्सीची झेरॉक्स आधीच मॉडेलकडे आहे. ओरिजिनल काढून घेतली तर ते झेरॉक्सवर काम चालवतं, म्हणून ०.९३ चं ०.९२ होतं, बाकी काही नाही. फीचर इम्पॉर्टन्सचा चार्ट इथे पूर्ण गंडवतो कारण श्रेय दोघांत वाटलं जातं, कधी याला जास्त कधी त्याला, सीड (ट्रेनिंगमधला रँडम सुरुवातीचा आकडा) बदललं तरी चार्ट बदलतो.

मग परिणाम कुठे दिसणार? जिथे कॅलेंडर एक म्हणतं आणि माणसं दुसरंच करतात, तिथे. बुधवार आहे पण ऑफिस रिकामं आहे. २५ जुलै २०२४ आठवतोय ना, गुरुवार, एकतानगरीत पाणी शिरलं तो दिवस, अशा दिवशी पुण्यातली कितीतरी ऑफिसं कॅलेंडरप्रमाणे चालू आणि प्रत्यक्षात अर्धी रिकामी असतात. बंद, मोठी मॅच, अनंत चतुर्दशीला रस्ते बंद म्हणून अर्ध्या लोकांनी घरून काम करणं, क्लायंट व्हिजिटला एरवी न येणारेही येणं. हे दिवस सोनं आहेत. वर्षाच्या डेटात असे वीस-पंचवीस दिवस शोधून काढा, ट्रेनिंगमधून बाजूला ठेवा आणि दोन्ही मॉडेल फक्त त्यांच्यावर तपासा. वर्षभराच्या सरासरीत जो फरक ०.०१ दिसतो तो इथे ढळढळीत दिसेल, किंवा दिसणार नाही, आणि नाही दिसला तर तोही निष्कर्षच आहे की बिल्डिंग माणसांकडे बघतच नाही.

सणांवरून आठवलं. मी एकदा महिना आणि तारीख फीचर म्हणून टाकली आणि वाटलं सण आपोआप शिकेल. गणेश चतुर्थी २०२२ ला ३१ ऑगस्टला, २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून १९ सप्टेंबरला, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. मॉडेल दर वर्षी चुकीच्या आठवड्यात ऑफिस रिकामं करत होतं. कालनिर्णय भिंतीवर लटकत होतं समोर, आणि मी सीझनल डिकम्पोझिशन करत बसलो होतो. सुट्ट्यांची यादी हाताने बनवा, त्यात कंपनीची सुट्टी, ऐच्छिक सुट्टी आणि सुट्टी नसून लोक न येणारा दिवस हे तीन वेगळे कोड ठेवा. तुमच्याकडे एकच वर्ष आहे म्हणजे एकच गणपती आणि एकच दिवाळी, त्यामुळे सणाचा परिणाम मशीन शिकेल ही आशा सोडा, तो तुम्हीच सांगायचा. तसंही ९६ गुणिले ३६५ म्हणजे ३५,०४० रीडिंग बघून डेटा भरपूर वाटतो, पण या प्रश्नापुरते तुमचे सॅम्पल ३६५ दिवस आहेत आणि खरे कामाचे ते वीस-पंचवीस.

ॲक्सेस कार्डबद्दल. आत जाताना पंच होतो, बाहेर पडताना दार आतून बटणाने उघडतं, म्हणून आत आलेले वजा बाहेर गेलेले केलं की रात्री अकराला बिल्डिंगमध्ये दीडशे माणसं दिसतात, प्रत्यक्षात दोन सिक्युरिटीवाले आणि एक बिचारा सपोर्टवाला असतो. एकाच्या मागून चौघं आत शिरतात ते वेगळंच. पहाटे चारला काउंटर शून्य करतात बरेच जण, पण यूएस शिफ्ट असेल तर तेव्हा लोक खरंच बसलेले असतात. मला वायफाय कंट्रोलरवरची जोडलेल्या डिव्हाइसची संख्या जास्त भरवशाची वाटते, माणशी फोन अधिक लॅपटॉप असा एक गुणक काढायचा, दोन-तीन दिवस मजल्यावर फिरून डोकी मोजून. हो, खरंच फिरून मोजा, लाज वाटायला नको. हवेतले प्रोब सिग्नल पकडून फोन मोजायच्या भानगडीत पडू नका, हल्लीचे फोन मॅक ॲड्रेस (फोनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) बदलत राहतात, एकाच माणसाचे पाच मोजाल. आणि घेताना आकडा घ्या, नावं घेऊ नका. मजल्यागणिक पंधरा मिनिटांची बेरीज एवढंच आयटीकडून मागा, डेटा प्रोटेक्शनचा २०२३ चा कायदा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नावासकट डेटा तुमच्याकडे आहे म्हटल्यावर एचआर तो हजेरीसाठी मागणार, आणि मग मजल्यावर तुम्हाला कोणी उभं करणार नाही.

सीओटू सेन्सर चांगला, पण तो उशिरा बोलतो. मीटिंग रूम ६० घनमीटरची, दहा माणसं, माणशी ताशी १८ लिटर सीओटू, तासाला १८० घनमीटर फ्रेश एअर. हिशोबाने पातळी बाहेरच्यापेक्षा १००० पीपीएम वर म्हणजे १४२० च्या आसपास जाऊन स्थिरावते, पण तिथपर्यंत जायचा टाइम कॉन्स्टंट (साधारण दोन तृतीयांश चढायला लागणारा वेळ) २० मिनिटं. अर्ध्या तासाची मीटिंग संपून लोक चहाला गेले तरी सेन्सर म्हणतो आत माणसं आहेत. म्हणून सरळ पीपीएम टाकू नका, त्याच्या बदलाचा वेग टाका किंवा मास बॅलन्स (किती सीओटू आला, किती गेला) उलटा सोडवून माणसं काढा.

ऑक्युपन्सी ओळखायला बरेच विद्यार्थी यूसीआयचा (मशीन लर्निंगच्या डेटासेटचा संग्रह) तो बेल्जियममधल्या ऑफिसच्या खोलीचा डेटासेट घेतात, २०१६ चा, तापमान, ह्युमिडिटी, लाइट, सीओटू. त्यावर ९७-९८ टक्के ॲक्युरसी येते आणि सगळे खूश. लाइटचा कॉलम काढून बघा एकदा. त्या खोलीत माणूस आला की दिवा लागतो, मॉडेल दिवा ओळखतंय. आपल्या ओपन ऑफिसात सगळे दिवे सकाळी सहाला हाउसकीपिंग लावतं आणि रात्री दहाला सिक्युरिटी बंद करतं, तिथे हे मॉडेल घेऊन गेलात तर ते हाउसकीपिंगची ड्यूटी मोजेल.

तसंच कॅगलवरची (डेटा सायन्सच्या स्पर्धांची साईट) २०१९ ची ॲशरेची स्पर्धा, दोन कोटींवर ओळी, हजारावर बिल्डिंग. त्यात ऑक्युपन्सीचा कॉलमच नव्हता. तरी लोकांनी लाइटजीबीएमच्या (अनेक डिसिजन ट्री एकत्र करणारं मॉडेल) एन्सेम्बलने भारी स्कोअर काढले, कारण सरासरी अंदाजाला कॅलेंडर आणि हवामान पुरतं. वरच्यांनी मेहनत घेतली ती डेटा साफ करण्यात. एका साईटचे २०१६ च्या मे महिन्यापर्यंतचे विजेचे आकडे शून्य होते, आणि हवामानाची वेळ यूटीसीत, मीटरची स्थानिक. हे दुसरं तुम्ही तुमच्या डेटात आत्ताच तपासा. ईआरए५ सारखा हवामानाचा डेटा यूटीसीत तासाला एक येतो, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे प्रत्येक रीडिंग आपल्या घड्याळात साडेच्या ठोक्याला पडतं. तुम्ही पाच तास सरकवलं किंवा सहा, अर्धा तास चूक राहतेच, आणि दुपारच्या उन्हाचा तो अर्धा तास मॉडेल कुणाच्या नावावर टाकतं? लंच ब्रेकनंतर परत येणाऱ्या माणसांच्या.

एक किस्सा सांगतो, याच कामातला. एका आयटी बिल्डिंगमध्ये (नाव नको) साधं लाइटजीबीएम चालवत होतो, मजल्यानुसार. सगळं ठीक, पण चौथ्या मजल्यावर दर शनिवारी मॉडेल कमी सांगायचं आणि मीटर जास्त. वायफायवर अकरा-बारा माणसं, आणि एएचयू पूर्ण जोरात. मी दोन दिवस फीचर बदलत बसलो, शनिवारसाठी वेगळा फ्लॅग, काय काय. शेवटी साईटवर गेलो, एएचयू रूममध्ये पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ऑटोवरून मॅन्युअलला. बीएमएसच्या (बिल्डिंग कंट्रोल करणारी सिस्टीम) स्क्रीनवर मात्र शेड्यूल ऑफ, हिरवंगार. टेक्निशियनला विचारलं तर म्हणाला, "साहेब, मागं एका शनिवारी रिलीज होतं, मेल आला गरम होतंय म्हणून, तेव्हा टाकलं मॅन्युअलला. नंतर कोणी काढायला सांगितलंच नाही." किती दिवस झाले? "गणपतीच्या आधीपासून." आम्ही डिसेंबरात उभे होतो.

तेव्हापासून मी मॉडेलची चूक कमी करण्याआधी ती चूक वाचतो. ऑक्युपन्सीचा खरा उपयोग मला तिथे वाटतो: एवढी माणसं होती तर एवढी वीज लागायला हवी होती, लागली एवढी, मधला फरक कोणाचा? बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ऑफिस बिल्डिंगांच्या ऑडिटचा एक पेपर २०१० मध्ये आला होता, त्यात ५६ टक्के वीज कामाच्या वेळेबाहेर जात होती. लॉकडाऊनमध्ये २०२० ला तर प्रत्येक फॅसिलिटी मॅनेजरने हे स्वतःच्या बिलावर बघितलं, माणसं शून्य आणि मीटर फिरतोच आहे. तुम्हीही आज एक ग्राफ काढा, रविवारी पहाटे अडीचचा लोड भागिले बुधवारी दुपारी साडेतीनचा. पाव असेल तर बिल्डिंग शहाणी. अर्ध्याच्या वर असेल तर ऑक्युपन्सीचं मॉडेल नंतर, आधी टॉर्च घेऊन मजल्यांवर फिरा.

आता मॉडेलचं. पहिला बेसलाइन मागच्या आठवड्याचा तोच वार तोच तास. हसू नका, तो हरवायला वेळ लागतो. दुसरा लॉरेन्स बर्कली लॅबच्या लोकांचा आठवड्यातली वेळ आणि तापमान घेऊन केलेला रिग्रेशन, २०११ चा, दहा ओळींत लिहून होतो. त्यावर लाइटजीबीएम. एलएसटीएम त्यानंतर, आणि एका वर्षाच्या एका बिल्डिंगच्या डेटावर तो लाइटजीबीएमला मोठ्या फरकाने हरवतो असं मी तरी बघितलेलं नाही. आर-स्क्वेअर देऊ नका, दिवस-रात्रीचा चढउतारच इतका मोठा असतो की कुठलंही मॉडेल ०.९ दाखवतं. सीव्ही-आरएमएसई (सरासरी वापराच्या टक्क्यांत चूक) आणि एनएमबीई (अंदाज एकूण वर झुकतो की खाली) द्या, ॲशरे गाईडलाइन १४ मध्ये तासाच्या डेटाला ३० आणि १० टक्क्यांची मर्यादा आहे, परीक्षक तेच विचारतील.

ट्रेन-टेस्ट रँडम तोडलंय का? तोडलं असेल तर ०.९३ विसरा. सव्वादहाचं रीडिंग ट्रेनमध्ये आणि साडेदहाचं टेस्टमध्ये म्हणजे पेपर फुटलेला आहे. सलग आठवडे बाजूला ठेवा, एक उन्हाळ्यातला, एक पावसाळ्यातला, एक हिवाळ्यातला. आणि उद्याचा अंदाज करायचा असेल तर उद्याची ऑक्युपन्सी तुमच्याकडे नसते, हे अर्धे लोक विसरतात, टेस्टला खरी ऑक्युपन्सी देतात आणि म्हणतात बघा किती सुधारलं. आधी ऑक्युपन्सीचा अंदाज करा, सीट बुकिंग असेल तर ते, नाहीतर गेल्या चार आठवड्यांचा तोच वार, आणि तो चुकीसकट अंदाज विजेच्या मॉडेलला द्या. जी सुधारणा उरेल ती खरी.

अजून एक खड्डा, यात मी स्वतः पडलोय. हायब्रिडच्या काळात कमाल साठ टक्के भरणा होता, त्यावर ट्री मॉडेल ट्रेन केलं. मग कंपनीने सगळ्यांना परत बोलावलं, भरणा नव्वदच्या वर, आणि मॉडेलचा अंदाज साठच्या पातळीवर सपाट. ट्री बघितल्याच्या पलीकडे जात नाही, तो स्वभावच आहे त्याचा. आता मी दोन पायऱ्या करतो: माणसं, तापमान आणि दोघांचा गुणाकार असं साधं लिनिअर मॉडेल आधी, आणि उरलेली चूक ट्रीला. लिनिअरमधला माणशी आकडा वर काढला तसा हाताने तपासता येतो, वरच्या हिशोबात माणशी ९५ वॅट आले होते. मॉडेल माणशी ४०० म्हणत असेल तर ते माणसांच्या नावावर उन्हाचं बिल फाडतंय. मायनस आलं तर, असंही येतं, बहुतेक वेळ सरकलेली आहे, परत त्या साडेपाच तासांकडे जा.

गाईडना एलएसटीएम हवाच असेल तर ठेवा की, एक कॉलम म्हणून ठेवा टेबलमध्ये, बाकीच्या तिघांच्या शेजारी. पण टेबल दोन करा, एक सगळ्या दिवसांचं आणि एक त्या वीस-पंचवीस वाकड्या दिवसांचं, आणि थीसिसमध्ये दुसरं आधी छापा. व्हायव्हामध्ये ०.०१ बद्दल विचारलं तर एएचयू रूमचा फोटो दाखवा, सिलेक्टर स्विचचा. जायच्या आधी सिक्युरिटीकडून चावी मागून घ्या, ती कधीच जागेवर नसते.